पूजेत बसलेला पाना

खंडेनवमीच्या सकाळी सूर्यभाननं साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हत्यारांची पूजा मांडली ती अशी, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पाटावर लाल कापड, त्यावर पाने, हातोडे, छिन्न्या, करवती उंचीप्रमाणे ओळीनं मांडलेल्या, एकेकाला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. एवढी मेहनत त्यानं डिप्लोमाच्या ड्रॉइंगवर घेतली असती तर पहिला वर्ग हुकला नसता.

मेहनतीला कारण होतं. नगरला डिप्लोमा करून तो श्रीरामपूरजवळच्या या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. एकाहत्तर साली शिकाऊ म्हणजे काय, तर काम सांगताना इंजिनियर आणि पगार देताना पोरगं! आता ज्युनियर इंजिनियरची एक जागा रिकामी झाली होती. त्या जागेवर कायम झाला तर सुप्याचे पाहुणे मुलगी द्यायला तयार होते. मुलीच्या बापानं तोंडावर सांगितलं होतं, "नोकरी शिकाऊ, मग लगीन बी शिकाऊच लावायचं का? कायम व्हा, मग या." आणि मुलगी तर सूर्यभानच्या मनात पक्की भरली होती, हीच खरी पंचाईत.

आदल्या दिवशी चीफ इंजिनियर रंगनाथरावांनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"उद्या बॉयलरची तपासणी आहे. इन्स्पेक्टरनं नेमका खंडेनवमीचाच दिवस दिलाय, करता काय! पूजा थाटात कर, पण तो मोठा पाना तेवढा बाहेर ठेव. बॉयलरच्या नटांना दुसरा बसत नाही. तपासणी पार पडली, की चेअरमनसाहेबांकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकतो."

पाना बाहेर ठेवायचं कारण उघड होतं. पूजेत बसलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा रिवाज. तो साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळायचे. सूर्यभाननं तो हातभर लांबीचा पाना पुसून लांब बाकावर ठेवला आणि नारळ आणायला बाहेर गेला. माणसानं कधी कधी नारळ आणायला दुसऱ्याला पाठवावं.

कारण तेवढ्यात मनकर्णाबाई, म्हणजे त्याची आई, पूजा बघायला आली. वर्षभर ती गावात "पोरगं इंजिनेर हाय" म्हणून सांगत होती. पोराची करणी बघून तिचा ऊर भरून आला. मग तिची नजर बाकावर गेली. सगळ्यांत दांडगं हत्यार, आणि तेच बिनकुंकवाचं, कोपऱ्यात! मनकर्णाबाईचं काळीज कळवळलं.

सूर्यभान परतला तेव्हा पाना पूजेच्या मधोमध होता. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात माळ, आणि समोर डोळे मिटून हात जोडलेली आई.

"आई! काय केलंस हे!"

"वरडू नगंस. नवस बोलतीया." तिनं सावकाश डोळे उघडले. "ह्याच पान्यानं तू बॉयलर आवळतूस ना? मग ह्यालाच म्हनलं, माज्या लेकाला कायम कर, सव्वा शेर पेढं ठिवते म्होरं."

आता पाना दसऱ्यापर्यंत हलायचा नव्हता. तरी मनाशी म्हणाला, काय सांगावं, गरज पडायचीही नाही.

गरज पडली. दहा वाजता इन्स्पेक्टर आला. बॉयलरात पाणी भरून दाब चढवायचा आणि कुठं गळत नाही ना ते बघायचं, एवढीच परीक्षा. काटा चढला, चढला आणि व्हॉल्व्हच्या जोडातून चिळकांडी उडाली ती थेट इन्स्पेक्टरच्या चष्म्यावर.

"जोड सैल आहे. आवळून घ्या," चष्मा पुसत इन्स्पेक्टर म्हणाला.

"सूर्यभान, पाना!" रंगनाथराव म्हणाले.

"साहेब, तो... पूजेत बसला."

रंगनाथरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इन्स्पेक्टरला खुर्ची आणि चहा देऊन ते सूर्यभानला घेऊन तरातरा वर्कशॉपात आले. जुना फिटर कानिफनाथ पूजेपुढं उदबत्ती लावत होता.

"कानिफनाथ, पाना उचला."

"न्हाई जमायचं साहेब. मागं एकानं पूजेतली हातोडी उचलली हुती. दुसऱ्या दिशी त्याच हातोडीखाली त्याचा अंगठा आला. आमाला लेकरंबाळं हायेत."

"मग साहेब, तुम्हीच..." सूर्यभान चाचरत म्हणाला.

"मी? मी असलं काही मानत नाही!" रंगनाथराव दोन पावलं मागं सरकले. "पण कामगारांच्या भावना असतात. आपण दुखवू नयेत."

शेवटी सूर्यभानच पुढं झाला. मनकर्णाबाई आडवी आली. "हात लावशील तर बघ! नवस मोडतूस व्हय? मग बस जल्मभर शिकाऊ!"

आता दुसरा पाना शोधणं आलं. सूर्यभाननं सायकल काढली आणि गाव पालथं घातलं. सायकलच्या दुकानात पाने पूजेत. इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडं पूजेत. लोहाराचा तर भाताही झेंडूच्या माळेखाली गप पडलेला. मग एकदम डोक्यात उजेड पडला. गफूरभाईचं गॅरेज! तिथं कुठली आलीय खंडेनवमी? घाम पुसत तो गॅरेजात शिरला, तर समोर सगळे पाने ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर झेंडूचं फूल.

"गफूरभाई, तुम्हीसुद्धा?"

"अरे बाबा, समदी गिऱ्हाइकं तुमची. फूल न्हाई वाहिलं तर त्यांची गाडी बंद पडंल, आन् नाव माझं घेतील. उद्या ये. उद्या फुकट देतो."

उद्याचा पाना आजच्या नटाला काय कामाचा! सूर्यभान रिकाम्या हातांनी परतला तेव्हा बॉयलरजवळ चेअरमन आप्पासाहेब येऊन उभे होते. इन्स्पेक्टर चौथा चहा परत पाठवत होता. त्याला तपासणी पुढं ढकलावी लागणार होती. म्हणजे बॉयलर पेटायला उशीर, गाळपाला उशीर, आणि सभासदांचा ऊस तर शेतात उभा. सूर्यभाननं मनातल्या मनात सुप्याच्या मुलीचा निरोप घेतला. रडू यायचंच बाकी होतं.

"मला अहवालात कारण लिहावं लागेल," इन्स्पेक्टर म्हणाला. "आणि जबाबदार इंजिनियरचं नाव."

"ह्याचं लिहा!" रंगनाथरावांनी क्षणाचाही वेळ न दवडता बोट दाखवलं. "मी सक्त सूचना दिली होती. चूक सर्वस्वी याची."

"हे कोण?"

"आमचे शिकाऊ."

"शिकाऊ माणसाला जबाबदार धरता येत नाही. नियमच आहे. जबाबदारी कायम इंजिनियरची." इन्स्पेक्टरनं टोपण काढलं. "तुमचं नाव घालतो मग. पूर्ण नाव सांगा."

रंगनाथरावांनी रुमाल काढला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, नोकरीत आजवर एक डाग नाही, आणि आता सरकारी अहवालात नाव! ते आप्पासाहेबांकडं बघू लागले. आप्पासाहेबांनी मान खाजवली. गावातली भावकीची भांडणं मिटवून त्यांचं डोकं असल्या कामात चांगलंच तयार झालं होतं.

"त्यो शिकाऊ हाय म्हनून अडलंय व्हय? हात्तिच्या! मग करा की त्याला कायम."

"कायम?" रंगनाथराव म्हणाले.

"कायम?" सूर्यभान म्हणाला.

"जागा रिकामीच हाय. कालपासून कायम केला म्हनून आर्डर काढा, आन् आज त्याच्यावर ठपका ठिवा. बोलवा कारकुनाला."

कारकून आला तो हात हलवतच. "साहेब, टाईपरायटर पूजेत आहे."

"मग हातानं लिव्हा."

"पेनसुद्धा पूजेत आहे, साहेब."

रंगनाथरावांनी कपाळाला हात लावला. आप्पासाहेबांनी सदऱ्याच्या खिशातलं आपलं पेन काढून दिलं. "हे घ्या. आमा पुढाऱ्यांचं हत्यार म्हंजी जीभ. ती काय पूजंत ठिवता येत न्हाई."

आणि अशा रीतीनं बॉयलरशेजारी, पाण्याची चिळकांडी चुकवत, सूर्यभानचा कायम नेमणुकीचा हुकूम लिहून झाला. पाठोपाठ त्याच पेनानं त्याला तंबीचं पत्रही लिहून झालं. इन्स्पेक्टरनं समाधानानं अहवालात नाव घातलं. रंगनाथरावांनी सुटकेचा निःश्वास टाकून सूर्यभानची पाठ थोपटली. ठपका ठेवलेल्या माणसाची साहेबानं पाठ थोपटल्याचं त्या कारखान्यात हे पहिलंच उदाहरण असावं.

संध्याकाळी सूर्यभान दोन्ही कागद घेऊन घरी आला. मनकर्णाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं दोन्हींना डोळ्यांशी लावलं.

"ह्यो कसला रं?"

"नेमणुकीचा. कायम झालो, आई."

पदरानं डोळे पुसून तिनं दुसरा कागद उचलला. "आन् ह्यो?"

"ती तंबी."

"तंबी म्हंजी काय?"

सूर्यभान छाती पुढं काढून म्हणाला, "ती कुनालाबी मिळत न्हाई, आई. फकस्त कायम मानसालाच देत्यात."

"अगं बया! पयल्याच दिशी?" मनकर्णाबाई हरखून गेली. तिनं तो कागद जपून घडी घालून सूर्यभानच्या खिशात कोंबला. "मग बस की न्हवं येष्टीत. आत्ताच्या आत्ता सुप्याच्या पाव्हन्याला दावून ये."