इंदूरहून एक प्रश्न

संध्याकाळचे साडेपाच वाजले की शिंत्रेजी आमच्या कॉलेजचा मेन स्विच खाली ओढत. मग आत कोणी का असेना! एकदा प्रिन्सिपल साहेब जिन्यात अडकले, एकदा मी बाथरूममध्ये. अंधारातून ओरडलं की लांबून शांत आवाजात उत्तर यायचं, "पाळी सुटली, मेन खाली. बस!"

दत्तात्रय शिंत्रे इंदूरच्या परदेशीपुऱ्याकडच्या एका मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं वायरमन होते. मिलला टाळं लागलं आणि ते आमच्याकडे रोजंदारीवर आले. मिल गेली, पण मिलची शिस्त काही जाईना. खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर, गालात सुपारी आणि कुठलीही गोष्ट सांगताना एकच सुरुवात, "चक्कर काय आहे माहितेय का भिया?" हे 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, मलाही. मी इकॉनॉमिक्सची लेक्चरर, दोन पोरांची आई. पण त्यांच्या दुनियेत सगळेच भिया.

त्याच वर्षी आमच्याकडे दूरशिक्षणाचं केंद्र आलं. गच्चीवर ही एवढी मोठी डिशची छत्री, हॉलमध्ये टीव्ही, त्याला जोडलेला रिसीव्हर आणि प्रिन्सिपल साहेबांच्या खोलीतून लांब वायरीने ओढून आणलेला टेलिफोन. दर रविवारी दिल्लीहून प्रोफेसर टीव्हीवर शिकवणार आणि मुलांनी फोन करून प्रश्न विचारायचे. घरोघरी केबल आली होती, मग कॉलेजने काय घोडं मारलं होतं? छत्री बसवायला आलेला माणूस अर्धं काम टाकून जो पळाला तो पळालाच. शेवटी शिंत्रेजींनी गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि तीन दिवस उन्हात उभं राहून तिची दिशा धरली. मी खालून "दिसलं, दिसलं... गेलं!" करून घसा बसवून घेतला. चित्र आलं तेव्हा त्यांनी अख्ख्या स्टाफला कचोरी खाऊ घातली.

आणि पहिल्याच रविवारी पडद्यावर नुसत्या मुंग्या! शनिवारी साडेपाचला मेन खाली ओढलेला, त्यामुळे रिसीव्हर आपलं सगळं सेटिंग विसरून बसलेला. मी अशी भडकले की विचारू नका. शिंत्रेजी मान खाली घालून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मशीनपाशी माणूस नाही आणि करंट चालू? मिलमध्ये तर घरी बसवलं असतं हो."

दुसऱ्या रविवारी सकाळीच सेटिंग लावून घेतलं, चित्र आलं, पण प्रश्न विचारायला कोणी जागचं उठेना. मग दिल्लीचं पत्र आलं. पुढच्या रविवारी इंदूरहून एकही प्रश्न आला नाही, तर केंद्र बंद आणि विद्यार्थी भोपाळला.

आमचे विद्यार्थी म्हणजे बहुतेक मिलवाल्यांच्या बायका, सुना, मुली. घरातला पुरुष रिकामा बसलेला, आता यांना नोकरी हवी होती. सुनंदा दिवसभर लोकांच्या साड्यांना फॉल लावायची आणि बी.ए.ची पुस्तकं शिलाई मशीनच्या खणात ठेवायची. ती म्हणाली, "मॅडम, मला भोपाळला कोण जाऊ देणार? माझं शिक्षण इथेच संपलं समजा." त्या दिवशी घरी येऊन मी चक्क रडले.

तो रविवार उजाडला. चित्र अगदी स्वच्छ. फोन करायला गेले तर डायलला कुलूप! एसटीडीच्या धास्तीने साहेब कुलूप लावून ठेवत आणि आज किल्ली खिशात घालून उज्जैनला लग्नाला गेलेले. मी डोक्याला हात लावून बसले. शिंत्रेजींनी मात्र फोनचा रिसीव्हर कानाला लावला आणि तो जिथे ठेवतात तिथलं बटण बोटाने टकटक दाबायला सुरुवात केली. एकासाठी एकदा, शून्यासाठी दहा वेळा. "मिलमध्ये आमच्या खात्यातल्या फोनलाही कुलूपच असायचं," ते म्हणाले. सहाव्या खेपेला दिल्ली लागली.

फोन सुनंदाच्या हातात दिला, तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. शिक्षकांनी प्रश्न विचारायला मनाई होती. टीव्हीवर प्रोफेसर म्हणत होते, "हाँ इंदौर, बोलिए." शिंत्रेजींनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोन आपल्याकडे घेतला.

"मैं इंदौर से दत्तात्रय शिंत्रे."

"आपका अनुक्रमांक?"

"सात सौ बारह."

हा त्यांचा मिलमधला हजेरीचा नंबर. कोणीही नंबर विचारला की ते हाच सांगत. मी डोळे मिटून घेतले. व्याख्यान नव्या आर्थिक धोरणावर होतं.

"सर, हमारी मिल की सब मोटरें चालू हालत में थीं. आखरी दिन तक. मैं खुद देखता था. कपड़ा भी अच्छा निकलता था. फिर मिल बंद क्यों हुई? हमको किसी ने बताया नहीं."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, हातातले कागद बाजूला ठेवले आणि बराच वेळ फक्त त्याच प्रश्नावर बोलले. ते थांबले तेव्हा सुनंदा शिंत्रेजींच्या शेजारी येऊन उभी होती. "मुझे भी पूछना है," ती म्हणाली आणि तिने फोन घेतला.

केंद्र इंदूरलाच राहिलं. सुनंदा आज शाळेत शिकवते. माझ्या हातून जे काही चांगलं शिकवून झालं, ते या माणसामुळे झालं आणि हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही, म्हणून आज इथे सांगते आहे.

त्या दुपारी सगळे पांगल्यावर शिंत्रेजी टीव्हीसमोरच्या बाकावर एकटेच बसून होते. मी विचारलं, "प्रोफेसर काय म्हणाले ते समजलं का?"

"नाही न," ते म्हणाले. "पण मला पूर्ण बोलू दिलं त्यांनी."