जळक्या खुर्चीचं कव्हर

रविवारी दुपारी चार वाजता चष्मेवाल्याच्या घरी सहा माणसं डोळे मिटून बसणार होती, आणि सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. ही सहा माणसं म्हणजे त्याचं जाझ मंडळ. मंडळाचा नेम असा, की आपण आज काय ऐकतोय त्याचा फोटो प्रत्येकाने फोनवरच्या गटात टाकायचा. फिरती तबकडी, शेजारी टेकवलेलं कव्हर आणि खाली चार ओळी अभिप्राय. आज स्विंग, उद्या बीबॉप, परवा फ्यूजन. कुणी लागोपाठ दोन दिवस एकाच शैलीत सापडला, की प्राध्यापक खाली नुसतं "हं" लिहीत आणि तो माणूस आठवडाभर डोकं वर काढत नसे. मंडळात एक निवृत्त न्यायाधीशही होते, पण निकाल प्राध्यापकच देत.

चष्मेवाल्याचं दुखणं असं, की त्याला मनापासून आवडायची ती एकच रेकॉर्ड. एक गायिका, एक पियानो आणि मागे हलक्या हाताचा ड्रम. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती जुन्या सामानाच्या दुकानात सापडली होती. चष्म्यांचं दुकान बंद करून तो घरी आला की ती लावायची आणि बायकोने भाजी निवडत ऐकायची, असा बावीस वर्षांचा शिरस्ता. अशा संगीताला मंडळात "हॉटेलातलं जाझ" म्हणत, म्हणजे लोक सूप पीत असताना वाजतं ते. म्हणून त्याने एक भारी रेकॉर्ड आणली. कव्हरवर जळक्या खुर्चीचा फोटो, आत सहा सॅक्सोफोन चाळीस मिनिटं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. ती त्याने एकदाच लावली, तेव्हा पाइप फुटला का विचारायला खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या होत्या.

त्यानंतर त्याने सोपी वाट काढली. कव्हर रोज वेगळं टेकवायचं, तबकडी मात्र गायिकेचीच. फिरत्या तबकडीवरचं नाव फोटोत कुणाला वाचता येतंय? जळकी खुर्ची मंडळाला विशेष भावल्यामुळे ती वरचेवर पुढे येऊ लागली, आणि गायिका खुर्चीच्याच कव्हरात मुक्कामाला गेली. सॅक्सोफोन कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली पडले. दोन वर्षांत चष्मेवाला मंडळातला अशा बेबंद वादनाचा, म्हणजे फ्री जाझचा, जाणकार ठरला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही होतं.

आता मंडळ घरी येऊन प्रत्यक्ष जळकी खुर्चीच ऐकणार होतं. सकाळीच त्याने सॅक्सोफोन बाहेर काढून कव्हरात घातले, गायिकेला कपाटात ठेवलं आणि पाव आणायला खाली गेला. तेवढ्यात बायकोने पाहुण्यांच्या बैठकीवर घालायची शाल काढायला कपाट उघडलं. आपली गाण्याची रेकॉर्ड कपड्यांत पडलेली पाहून तिला नवल वाटलं. ती तिने पुसली आणि नेहमीच्या जागी, म्हणजे खुर्चीच्या कव्हरात, नीट ठेवून दिली. त्यातली सॅक्सोफोनची तबकडी कपाटात गेली.

चारला मंडळी जमली. प्राध्यापकांनी कव्हर हातात घेऊन सांगितलं की ही त्यांच्याकडेही आहे आणि महिन्यातून एकदा तरी ते ती लावतातच. मग सगळ्यांनी डोळे मिटले. बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असाही एक नेम होता. चष्मेवाल्याने सुई टेकवली आणि खोलीत गायिकेचा आवाज पसरला.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. दारात उभ्या बायकोने मात्र छान लागलीय म्हणून मान डोलावली. पुढची वीस मिनिटं तो प्राध्यापकांच्या भुवया बघत बसला. दातांच्या डॉक्टरांचा पाय ताल धरत होता. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर, निवृत्तीनंतर प्रथमच असेल, पण हसू होतं.

बाजू संपली. प्राध्यापकांनी डोळे उघडले, कव्हराकडे पाहिलं, पुन्हा मिटले. याच रेकॉर्डवर त्यांनी गटात साठ ओळी लिहिल्या होत्या.

"सहा सॅक्सोफोन हाताशी असताना एकही वाजवायचा नाही," ते शेवटी म्हणाले, "याला छाती लागते."

मग सगळ्यांनाच वाचा फुटली. न्यायाधीशांना त्या सहा जणांचं मौन अतिशय बोलकं वाटलं. दातांच्या डॉक्टरांनी तर कान देऊन ऐकलं तर सहावा मधूनमधून श्वास घेताना ऐकू येतो, असं छातीठोकपणे सांगितलं. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. एकमताने पसंत पडलेली रेकॉर्ड सहाही घरी एकेक आठवडा फिरते, असा मंडळाचा तिसरा नेम होता, आणि पहिली पाळी दातांच्या डॉक्टरांची होती. त्यांच्याकडून मागची रेकॉर्ड परत आली होती ती मधोमध कॉफीच्या कपाचा गोल घेऊन. डॉक्टरांनी तबकडी कव्हरात सरकवून पिशवीत टाकलीसुद्धा.

बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, आपली नेताहेत का ते?"

गप्प बसलं तर मान राहत होता आणि गायिका जात होती. चष्मेवाला उठला.

"डॉक्टर, ती ठेवा खाली. ती जळकी खुर्ची नाही. ते हॉटेलातलं जाझ आहे. दोन वर्षं मी रोज तेच ऐकतोय आणि तुम्हाला कव्हरं दाखवतोय."

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. मग प्राध्यापक सावकाश म्हणाले, "मला पहिल्या सुरातच कळलं होतं. कोण बोलतं ते बघत होतो." पाठोपाठ असं निघालं की पहिल्या सुरात सगळ्यांनाच कळलं होतं. चष्मेवाल्याने सहा महिने गटात अभिप्राय लिहू नयेत असं ठरलं आणि मंडळी अर्धा चहा टाकून गेली. त्याला वाईट वाटलं, फारच वाटलं. बायको म्हणाली, "जाऊ दे. वाचली ना." आणि तिने दुसरी बाजू लावली.

बुधवारी सकाळी प्राध्यापक दुकानात आले. डोळे तपासायचे म्हणाले. चष्मेवाल्याने त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, तर भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळही त्यांनी घडाघडा वाचून दाखवली.

"नंबर काही बदललेला नाही, सर."

"नाही ना? मलाही तसंच वाटत होतं." प्राध्यापक फ्रेम काढेनात. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "रविवारची ती रेकॉर्ड आठवडाभर मिळेल का? अभ्यासासाठी. मंडळात मात्र बोलू नका."

"ती आता घराबाहेर जात नाही. घरी येऊन ऐका. सोमवार न्यायाधीशांनी घेतलाय, मंगळवार दातांच्या डॉक्टरांनी. शुक्रवार रिकामा आहे, पाच वाजता या."

प्राध्यापकांनी खिशातली डायरी काढून शुक्रवार लिहून घेतला. बाकीचे वार कुणाचे, ते त्यांनी विचारलं नाही.

"आणि शेजारी ते खुर्चीचं कव्हर ठेवाल ना? फोटोपुरतं."

"ते शुक्रवारी न्यायाधीश फोटोला नेणार आहेत," चष्मेवाला त्यांच्या नाकावरची फ्रेम अलगद उतरवत म्हणाला. "तुमचं तुम्ही घेऊन या, सर. तुमच्याकडे आहेच की."