बेतून दिलेली कादंबरी

टेलरबाईंच्या दुकानात पाऊल टाकताच लेखक थबकले. कापायच्या टेबलावर त्यांची कादंबरी पडली होती आणि आठवड्याभरात ती भलतीच वाळली होती.

"अहो, तीनशे बारा पानं दिली होती मी!"

"आता एकेचाळीस आहेत," बाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "फार ढगळ होती."

लेखकांना मटकन खाली बसावंसं वाटलं, पण दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर कुणाची तरी पँट बसली होती. ही कादंबरी म्हणजे त्यांचा शेवटचा डाव होता. आधीच्या चारही पुस्तकांत नायक कोण, तर पन्नाशीचा, सदा कुरकुरणारा, जगावर रुसलेला लेखक. शेवटी प्रकाशकांनी हात जोडले. "साहेब, एकदा तरी स्वतःच्या बाहेर पडा. पुन्हा तोच माणूस आणलात तर आपला रामराम."

मग लेखक इरेला पेटले आणि त्यांनी अकरा महिने खपून चक्क शिवणकाम करणाऱ्या बाईवर कादंबरी लिहिली. वास्तविक त्यांना शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. बायकोच म्हणाली, "छापायला देण्याआधी टेलरबाईंना दाखवा. उगाच शोभा नको." तेव्हा त्यांनी हाताने लिहिलेली ती एकमेव प्रत इथे आणून दिली आणि वर ऐटीत सांगितलं, "जिथं खटकेल तिथं खडूनं खूण करा."

"मी फक्त खूण करा म्हटलं होतं हो!"

"केली की. आमच्यात खूण केली की पुढं कापायचंच असतं. नाहीतर खूण करायची कशाला?"

लेखकांनी घाईघाईनं उरलेली पानं चाळली. "ती शिवता शिवता रडते, तो प्रसंग?"

"रेशमावर रडत होती. डाग पडतो, गिऱ्हाईक माल घेत नाही. कापला."

"तिचे मोकळे केस वाऱ्यावर..."

"मशीनच्या चाकात गेले असते. कापले."

"आणि तिचं प्रेमपत्र?"

"तो कागद मात्र छान जाड होता," बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "त्याचा बाहीचा नमुना काढला. तो बघा, खिळ्याला लावलाय."

लेखकांनी पाहिलं. बाहीवर 'प्राणप्रिय' एवढंच शिल्लक होतं. त्यांना अगदी रडू कोसळलं. अकरा महिने आपण त्या बाईच्या मनात वावरतोय असं त्यांना वाटत होतं आणि प्रत्यक्षात ते तिच्या दारापर्यंतही पोचले नव्हते.

"म्हणजे तिचं काहीच उरलं नाही?"

"तिचं नाही. पण त्यात ते एक गिऱ्हाईक आहे ना? कोट न्यायला येतं आणि दारात उभं राहून आपलंच रडगाणं गात बसतं? त्याला मी कात्री लावली नाही. अगदी मापात बसलंय." बाईंनी एकेचाळीस पानांना कडेनं टीप मारली आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "असा एक येतो आमच्याकडे."

"कोण?" लेखकांनी घाबरत विचारलं.

माप घेताना बघतात तसं बाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"जाऊ द्या. तुम्ही सांगू नका हं त्याला. फार मनाला लावून घेतो."

"मी नाही सांगत," लेखक रडवेल्या आवाजात म्हणाले. "पण प्रकाशक ओळखतील हो त्याला!"