पगारेभाऊंचा मोठा खोका

रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर पगारेभाऊ दारात उभे. "साहेब, पाच मिनिटं कान द्या." मग मला त्यांच्या बाहेरच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवायचे आणि विचारायचे, "मोठा खोका ऐकू येतो का?" मी "येतो" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "नाही येत" म्हटलं की आणखी पडायचा.

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नाशिकला आमच्या कॉलनीत आमची भिंतीला भिंत होती. भाऊ रेल्वेत, रोज इगतपुरीला अप-डाऊन करायचे. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील, अण्णा.

भाऊंच्या टेपरेकॉर्डरला दोन लहान स्पीकर होते, ते बरे वाजायचे. पण त्यांत जाड आवाज नाही म्हणून भाऊंनी स्वतः तिसरा बनवला. गुडघ्याएवढा प्लायवूडचा खोका, त्याला वेगळा अँप्लिफायर, वेगळं बटण. त्या बटणाने माझे सगळे रविवार खाल्ले.

बटण जरा वाढवलं की खोका एकटाच घुमायचा. आमच्या मांडणीवरचे डबे थरथरायचे आणि माझी बायको भिंतीवर लाटणं आपटायची. कमी केलं की खोका असून नसल्यासारखा. कोपऱ्यात ठेवला तर आवाज फुगायचा, म्हणून तो सरकवायचा. सरकवणारे अर्थात आम्ही दोघं.

"मोठ्याने धाकट्यांच्या मागे उभं राहायचं," भाऊ समजावायचे. "दिसायचं नाही. पण निघून गेला तर लगेच कळलं पाहिजे."

"भाऊ, मला आता काहीच कळत नाही."

"मग जुळत आलंय. बसा."

एका रविवारी मात्र मी हात जोडले. "कान तुमचे, खोका तुमचा. मला झोपू द्या."

भाऊ वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती कॅसेट बदलली. खरखरीतून एक गायन पार्टी गाऊ लागली, मागे तबला.

"हे अण्णा," भाऊ म्हणाले. "सायखेड्याला जयंतीच्या कार्यक्रमात तबला वाजवला होता, कोणीतरी टेप केलं. पुढे अर्धांगवायूने डावा हात गेला, डग्ग्याचा. लहान स्पीकरवर लावलं तर म्हणतात, डग्गाच नाय, हा मी नाय. खोका वाढवला तर म्हणतात, नुसता डग्गा बडवतोय, हा कोण गाढव? आणि मला त्यातलं काही कळत नाही, साहेब. लहानपणी त्यांनी शिकवायला घेतलं, तर मी रेडिओ उघडून बसायचो."

मी उठलो आणि घरी न जाता आत गेलो. अण्णांच्या खाटेशी स्टूल ओढून बसलो. ऐकायचं ते इथून ऐकायला हवं होतं.

"कमी करा," मी ओरडलो. "अजून. फार झालं, किंचित वाढवा. बास!"

अण्णांनी डोळे मिटले. डावा हात गोधडीवर लाकडासारखा पडला होता. उजव्याची बोटं हळूहळू हलू लागली, मग ठेक्यात पडू लागली. बाहेरून डग्गा येत होता, त्याला हे इथे गोधडीवर उजव्या हाताची चाट देत होते.

"साहेब," बाहेरून भाऊंचा घाबरा आवाज आला, "काय म्हणताहेत?"

"काही नाही," मी म्हणालो. "वाजवताहेत."