चिझुरुबाईंचं हसरं गाणं

"गाताना हसायचं," तामोत्सुने बायकोला तिसऱ्यांदा बजावलं. "या गाण्यात कुणी मेलेलं नाही, कुणी कुणाला सोडूनही गेलेलं नाही."

"मग गायचं तरी कशाबद्दल?" चिझुरुबाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं त्या एन्का ही जपानी विरहगीतं गात होत्या. म्हणजे बंदरातून सुटलेली बोट, बर्फात एकटी उभी बाई आणि शब्दाशब्दाला हुंदक्यासारखी वळणारी हरकत. यंदा रेकॉर्ड कंपनीने त्यांना रविवारी समुद्रकाठाने भटकणाऱ्या जोडप्याचं थिरकतं गाणं दिलं होतं. बाईंना ते मनापासून आवडलं होतं, पण हे त्यांनी फक्त नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. कारण चाहता मंडळाचे अध्यक्ष कामेझावा यांनी पत्रच धाडलं होतं: असलं काही गायलात तर मंडळ बरखास्त.

शिराहामातल्या एका हॉटेलात कार्यक्रम होता. तामोत्सुने तोड काढली. आधी किमोनोत दोन जुनी गाणी, मग चार मिनिटांत चंदेरी झगा आणि उंच टाचांचे बूट घालून शेवटी नवं.

जुनी गाणी झकास झाली. आत येताच वेळ वाचावा म्हणून बाईंनी आधी बूट चढवले. मग कमरेच्या पट्ट्याची गाठ काही सुटेना. तामोत्सुने नखं लावली, दात लावले.

"अहो, आपण घट्ट बांधलीत तरी किती?"

"सुटू नये म्हणून बांधली होती गं."

तेवढ्यात बाहेर संगीत सुरू झालं. बाई काळ्या किमोनोखाली चंदेरी बूट घालून रंगमंचावर गेल्या, पहिलीच गिरकी घेतली, आणि उजवी टाच फळ्यांच्या फटीत रुतली ती रुतलीच. पाय मुरगळला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना हसायचं होतं, पण चेहरा ऐकेना.

श्रोत्यांना तो चेहरा ओळखीचा होता. त्यांनी सवयीने रुमाल काढले. 'खिडकी उघड, वारा येऊ दे' या ओळीला मागची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बिचारीला गुदमरतंय गं."

पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या कामेझावांना बूट दिसला. निषेध करायला आलेला तो माणूस उठला, रंगमंचावर चढला, उकिडवा बसला आणि बूट ओढू लागला. निघेना. मंडळाच्या खजिनदारीणबाईंनी त्यांची कंबर धरली, त्यांची आणखी एकीने. ओढता ओढता तिघंही नकळत ठेक्यावर आली. बूट निघाला तेव्हा तिघं एकदमच बुडावर आपटली.

चिझुरुबाईंना हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना. दुसरा बूट भिरकावून त्या अनवाणी, लंगडत नाचू लागल्या. खाली पडलेली माणसं उठली खरी, पण अशा वेळी नुसतं उभं राहणं बरं दिसेना. मग तीही डोलू लागली. दुसऱ्या कडव्याला खालून अजून सातआठजण चढले.

कार्यक्रमानंतर कामेझावा घाम पुसत आत आले. चिझुरुबाई बर्फात पाय बुडवून बसल्या होत्या. त्या चटकन उठू लागल्या.

"बसा, बाई. माझी तक्रार आहे."

"कळलं," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "मंडळाचं ना?"

"मंडळाचंच. पुढच्या वेळी हे गाणं आधी घ्या." त्यांनी गुडघा चोळला. "रडण्याची गाणी काय, बसूनही ऐकता येतात."