यादोरावांचं बेशरम

करडीच्या यादोरावांनी आयुष्यात कुणाशी आवाज चढवला नव्हता. अशा माणसानं एका मंगळवारी ठरवलं, की मुलीची पानं घेऊन भंडाऱ्याला जातोच आहोत, तर वाटेत हातपंपाच्या अर्जाचंही विचारून घ्यावं. कचेरी रस्त्यातच होती. (कोणती, ते कशाला सांगायचं? सगळ्याच कचेऱ्यांना आपलंच वर्णन वाटेल.) पाच मिनिटांचं काम, असं ते बायकोला, गोदावरीबाईंना, म्हणाले. कचेरीत पाच मिनिटांचं काम असतं, यावर विश्वास ठेवणारी माणसं अजून शिल्लक आहेत, म्हणून तर कचेऱ्या सुखानं चालतात.

पानं बेशरमाची होती. नाल्याच्या काठानं न लावता माजणारं आणि ढोरंही तोंड लावत नाहीत असं हे झाड. पण त्यांची तृप्ती एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी त्याच पानांचा काढा जस्ताच्या क्षारात मिसळून, भट्टीत तापवून, जंतू मारणारी नॅनो पावडर करणार होती. कॉलेजच्या भट्टीवर तिचा नंबर बुधवारी सकाळी होता. तो हुकला की प्रोजेक्ट पुढच्या वर्षावर. आणि पानं आठ दिवस सावलीत वाळलेलीच हवीत, त्यामुळे ऐनवेळी दुसरी तोडायची सोय नाही.

ती आठ दिवस ओसरीवर वाळली. "घरात एक होता तो कमी पडला का?" गोदावरीबाई रोज ओलांडून जाताना विचारायच्या.

तृप्तीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, थैलीवर चिठ्ठी लावजा. पहिले झाडाचं नाव, मंग कोणं तोडलं त्याचं, मंग गाव. आन् ओळख पटाले एक ताजी फांदी ठेवजा फुलासंगट."

ही फांदी नडली.

आपल्याकडे काम न करणाऱ्या साहेबाला बेशरमाचं झाड भेट द्यायची पद्धत आहे. (फुकट मिळतं, आणि टंचाई दोहोंचीही नाही.) त्या कचेरीतल्या साहेबांना महिन्याभरापूर्वीच एका गावानं ते कॅमेऱ्यासमोर दिलं होतं. त्यामुळे थैलीतून डोकावणारी गुलाबी फुलं दिसताच शिपाई चिंधू आत पळाला आणि साहेब स्वतः दारात आले.

"बसा, काका. चहा सांगतो. बाकीचे कुठे आहेत?"

यादोरावांना वाटलं, साहेब गावच्या लोकांची चौकशी करताहेत. किती माणुसकी. "बाजार आहे न जी आज. दोनच्या गाडीनं येऊन राहिले सारे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकरा महिने न सापडलेला अर्ज चार मिनिटांत सापडला. सही झाली, मेकॅनिकला फोन गेला. यादोराव भरल्या डोळ्यांनी उठले, तर थैली जागेवर नाही. चिंधूनं ती लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं होतं.

"साहेब, माझं बेशरम?"

"काम झालं ना? आता कशाला?"

"पोरीले द्याचं आहे जी."

"तिचाही अर्ज अडकलाय?"

"अर्ज नाही, नंबर. उद्या भट्टीत टाकाचं आहे."

"कुणाला?" साहेबांचा आवाज बारीक झाला.

"बेशरमाले जी. त्याच्यातून नॅनो निघते."

"गाडी?"

"पावडर."

साहेबांनी चिंधूकडे पाहिलं, चिंधूनं छताकडे. किल्ली काही निघाली नाही. दोन वाजले, तीन वाजले. पाचला कॉलेजची प्रयोगशाळा बंद होणार होती. यादोरावांना ओसरीवरची पानं उलटीपालटी करणारे आपलेच हात दिसले, आणि फोनवरचा तृप्तीचा आवाज आठवला. ते खुर्चीवरून उठले, साहेबांच्या दारात खाली बसले आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले, "बेशरम भेटल्याशिवाय उठत नाही."

व्हरांड्यात कधीपासून ताटकळलेले लोक आधी चपापले. मग एक म्हातारी, कुंताबाई, येऊन शेजारी टेकली. "मीही बसतो बाप्पा. चार महिने झाले, मलेही नाही भेटला साहेब." बघता बघता अकरा जण बसले. साडेचारला कपाट उघडलं, आणि बेशरमासकट यादोराव सरकारी जीपमधून कॉलेजात पोचले.

पुढे सगळं गोड झालं. हातपंप चालू झाला. भट्टीतून पांढरी पावडर निघाली. कॉलेजच्या प्रदर्शनात तृप्तीनं काचेची बशी मांडली होती. पावडरीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडला होता. शेजारच्या नळीतला जांभळा रंगही पावडरीनं उतरवला होता. याला अँटिऑक्सिडंट म्हणतात, असं ती पाहुण्यांना सांगत होती. यादोराव छाती काढून आपल्या आंदोलनाची हकीकत सांगत होते. चार पाहुणे ती ऐकायला थांबलेही होते.

तेवढ्यात टेबलावर मांडलेल्या मूळ थैलीपाशी गोदावरीबाई अडखळल्या. त्यांनी चष्मा लावला आणि थैलीवरची चिठ्ठी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"बेशरम. यादोराव. करडी."

पाहुण्यांनी थैलीकडे पाहिलं, मग यादोरावांकडे.

"अक्षर तुमचंच हाय न?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग बरं. आतालोक मी एकटीच सांगत होती." त्यांनी चष्मा काढला. "खाली सही तेवढी राहिली पाहा."