काजळ्या मेंढ्याची आणि त्याच्या भावाची हकीकत

श्रीकुलस्वामीचे स्मरण करून, खाणारास आणि ज्यास खाल्ले त्यास सारखेच वंदन करून हे लिहिले ऐसे जे: शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सर. संवत्सराचे नाव बहुधान्य आणि मुलखात मूठभर वैरण नाही, ऐसे वर्ष आले. त्या राज्यात (राज्याचे नाव लिहीत नाही; राज्ये जातात, मेंढे राहतात) किल्ल्याच्या शिबंदीस मांस पुरवावयास सरकारी कळप होता, आणि चाल ऐसी की दसऱ्यास जो मेंढा सर्वांत भारी भरेल त्यास मंदील, म्हणजे मानाचा जरीचा फेटा, बांधावा आणि वर्षभर कळपात तोच नर सोडावा. आणि चारा साऱ्यांस एकाच लांब गव्हाणीत पडे, त्यामुळे कोणी किती खाल्ले हे कळेना, आणि जो धक्के मारून अधिक खाई तोच भारी भरे, आणि त्याची पोरेही तैसीच खादाड निपजत, ऐसे पिढ्यान्‌पिढ्या चालले. मग महाराजांनी फर्माविले की, घोड्यांस वैरण उरत नाही, सबब दसऱ्यानंतर कळप कापून मोडावा.

तेव्हा कळपाचे नाईक धुळोजी आणि त्यांची बायको मायाक्का यांनी मोठा पराक्रम केला. पावसाळाभर दोघांनी मेंढ्यागणिक वेगळी गव्हाण मांडिली, वैरण तोलून घातली, उरलेली तोलून काढिली, आणि पाठीवर हात फिरवून चरबी चाचपली. त्यात काजळ्या म्हणून एक मेंढा निघाला, तो इतरांच्या निम्मे खाई आणि अंगाने त्यांच्या बरोबरीने भरे. मुदपाकखान्याचे दरोगे मानाजीराव पाहावयास आले आणि म्हणाले, "नाईक, हा मेंढा की बैरागी?" धुळोजी म्हणाले, "बैरागीच. पण मठातल्यासारखा गुबगुबीत."

दसऱ्यास महाराज स्वतः आले आणि काजळ्याची पाठ दाबून संतोष पावले, मग शंका काढिली की चरबी नुसती कातड्याखाली असेल तर ती मशालीस जाईल, शिपायास काय? मांसात मुरली असेल तर कळप राखू. मानाजीराव बोलिले की कापून पाहावे, दुसरा उपाय नाही. आणि ते खरेच होते, आतले जिवंतपणी कोणास दिसते? धुळोजींनी हात जोडिले.

"महाराज, बियाणेच चाखून संपविले तर पेरू काय?"

महाराज म्हणाले, "आणि न चाखता पेरलेत, त्यानेच ही वेळ आली."

काजळ्यास जुळा भाऊ होता, चांद्या. तोलात तैसाच, खाण्यात तैसाच. आईस दोघांपुरते दूध नव्हते म्हणून मायाक्काने त्यास शेळीच्या दुधावर वाढविले होते, आणि तो तिच्या मागे मागे फिरे. धुळोजींस तो आठवला, परंतु जीभ उचलेना. मायाक्काच पुढे झाली.

"याचा भाऊ घ्या. एका पोटचा आहे. त्याच्यात जे असंल ते याच्यात असंल."

धुळोजी म्हणाले, "माया, अगं..."

"कळप राहिला पायजे, धनी. त्याला मी हाक मारते. दुसऱ्या कुणाच्या हाकेला यायचा नाही."

(येथे अर्धे पान कोरे ठेविले आहे. लिहिणारास लिहवले नाही.)

मग मांस उघडले आणि पाहतात तो लाल मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेघा, जणू तांबड्या लुगड्यात रुपेरी तार. आणि ते आपल्याच चरबीत शिजले, तेलाचा थेंब लागला नाही. महाराजांनी एक घास घेतला आणि हात धुऊन उठले आणि मंदील स्वहस्ते काजळ्यास बांधिला, आणि आज्ञा केली की यापुढे मान वजनास नाही, थोड्यात भरणारास द्यावा, आणि नराची पारख त्याच्या भावंडांवरून करावी. मग काजळ्याची पोरे वाढली आणि त्याच कुरणावर शिबंदीही जगली आणि घोडेही जगले.

सारांश, कळप राहिला. त्या राज्यात अद्याप दसऱ्यास मंदील बांधण्याआधी एका रिकाम्या गव्हाणीत मूठभर वैरण टाकून हाक मारितात. कोणी येत नाही. मग मंदील बांधितात. लेखनसीमा.